बाळाचं फडकं कुठं गेलं?

गटाच्या बैठकीत आपण घरखर्चाच्या वह्या बघतो, त्यात हल्ली एक ओळ मला वरचेवर दिसते. तान्हं बाळ असलेल्या घरात दूध, दवाखाना आणि डायपरच्या खाली लिहिलेलं असतं, 'वाइप्स'. पाकिटातून एकेक ओली घडी ओढायची, बाळाला पुसायचं आणि फेकून द्यायची. दिवसाला ८ लागल्या तर महिन्याला २४० झाल्या. ७२ घड्यांचं पाकीट धरलं तर सव्वातीन पाकिटं संपतात. पाकीट १०० रुपयांचं धरा, तुमच्या दुकानात कमी-जास्त असेल, तरी सव्वातीनशेच्या वर गेले. आपली गटातली महिन्याची बचत १०० रुपये, काही गटांत २००. म्हणजे बाळाचं बूड पुसायला जेवढं जातं, तेवढं आपण आपल्या स्वतःच्या नावावर टाकत नाही.

हे बोललं की कुणीतरी लगेच म्हणतं, "त्यात काय, घरीच करायचं. आपल्या आयांनी काय पाकिटं आणली होती?" खरं आहे. पण घरी करायचं तर कशाचं करायचं? जुनं, मऊ, सुती कापड हवं. ते घरात आहे का, हे एकदा कपाट उघडून बघा. साड्या पंधरा-वीस निघतील, त्यातली सुती किती? माझा बी.ए.ला इतिहास होता. तहांच्या तारखा पाठ केल्या, पण घराघरात असलेलं फडकं एका पिढीत कुठं गेलं, याचा धडा काही त्या पुस्तकात नव्हता. आज आपण तोच धडा घेऊ.

सुरुवात लुगड्यापासून करावी लागेल. आमच्या सोलापूरकडे इरकली लुगडं, दुसरीकडे दुसरं, पण होतं सुती आणि नऊवारी. नवं लुगडं खळीनं कडक असायचं. वर्ष-दोन वर्षं अंगावर, पाण्यात, दगडावर, उन्हात गेलं की ते नरम व्हायचं. बसायच्या जागी विरलं की मधला विरलेला भाग कापून काढायचा, दोन टोकं जोडायची आणि शिवण टाकायची. याला दांड घालणं म्हणत. दांडाचं लुगडं आणखी एक-दोन वर्षं निघायचं. ते अंगावर घालण्याजोगं राहिलं नाही की त्याच्या घड्या वाकळेत जायच्या. आणि त्यातला सगळ्यांत मऊ, पारदर्शक होत आलेला तुकडा वेगळा काढून ठेवायचा, तो बाळासाठी. त्याची बाळोती व्हायची, दुपटं व्हायचं, टोपड्याचं अस्तर व्हायचं आणि वीत-दीड वीत उरलं की पुसायचं फडकं. फडकं फाटलं की पोतेरं. पोतेरं संपलं की चुलीत. एका कापडाला एवढे जन्म होते.

तान्ह्या बाळाला नवं कापड घालायचं नाही, असं मोठ्या बायका सांगायच्या. कुणी त्याला दृष्टीचं कारण द्यायचं, कुणी आणखी कशाचं. मला त्यातलं साधं कारण पटतं, नव्या कापडाला खळ असते आणि बाळाची कातडी ती सोसत नाही. पोरगी सातव्या महिन्यात माहेरी आली की आई, काकू, शेजारीण आपापल्या बोचक्यातून जुनं काढून द्यायच्या. त्याला पैसा लागत नव्हता.

हे फडकं किती जुनं आहे, तर चरकसंहितेत त्याची गोष्ट आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भार बाईपासून तान्ह्या मुलापर्यंतची काळजी सांगितली आहे. बाळाचं अंथरूण-पांघरूण मऊ, हलकं, स्वच्छ आणि सुगंधी असावं. घाम, मळ, शी-शू लागलेलं कापड वापरू नये. आणि त्याच्या पुढं जे सांगितलं आहे त्यासाठी मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचते. दुसरं मिळणं शक्य नसेल, तर तेच कापड चांगलं धुवून, धुरी देऊन, शुद्ध आणि कोरडं करून परत वापरावं. हे लिहिणाऱ्या वैद्याला ठाऊक होतं की सगळ्यांच्या घरी 'दुसरं' नसतं. धुरीला काय लागतं तेही सांगितलं आहे, जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड वगैरे, तुपात घोळून. आपल्याकडे बाळंतिणीच्या शेगडीत ओवा, वेखंड, बाळंतशेपा, लसणाच्या साली पडतात, ती त्याच घराण्यातली गोष्ट. फक्त आज कोंदट खोलीत बाळाजवळ धूर करू नका, कोवळ्या छातीला तो बरा नाही. कापडाला कडक ऊन द्या.

इथपर्यंत ऐकून वाटेल, जुनं ते सोनं. तसं सरसकट म्हणणाऱ्या बाईला मी थांबवते. कारण ग्रंथात एक होतं आणि घराच्या कोपऱ्यात दुसरं चालत होतं.

बाळंतपण म्हणजे सोयर. दहा दिवस विटाळ. बाळंतिणीला घरातली अंधारी खोली, मोडकं बाजलं आणि घरातलं सगळ्यांत टाकाऊ कापड. विटाळलेलं कापड शेवटी टाकायचं किंवा सुइणीला द्यायचं, मग चांगलं कशाला खराब करा, असा हिशेब. म्हणजे जिथं सगळ्यांत स्वच्छ कापड हवं, तिथं सगळ्यांत मळकं जायचं. वाळत घालायचं तेही आडोशाला, चारचौघांच्या नजरेला पडू नये म्हणून. आपल्या पाळीच्या कापडाचंही पिढ्यान्‌पिढ्या तेच झालं. ऊन लागत नव्हतं, कापड दमट राहायचं आणि दमट कापडात काय वाढतं ते तुम्हाला सांगायला नको.

नाळ कापायला विळा किंवा हाताला येईल ते, बांधायला दोरा किंवा चिंधी. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. दोन-तीन दिवस चांगलं पिणारं मूल एकाएकी तोंड उघडेना, अंग ताठ, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपायचं. पाचवी-सहावीला सटवाई येते हे आपण ऐकलेलं आहे. त्या दिवसांत मूल दगावलं की तिच्या नावावर घालायचं. त्या बिचारीवर किती आळ आले असतील कोण जाणे.

आणि ते कापड धुणारी कोण? बऱ्याच गावांत सुईण मांग समाजातली असायची. बाळंतपण तिनं करायचं, रक्ताचं कापड तिनं न्यायचं, धुवायचं. त्याबद्दल धान्य, कुठं जुनं लुगडं-चोळी. तिच्या हातानं घरातलं मूल जगात यायचं आणि बाराव्या दिवसानंतर तिला ओसरीच्या वर घ्यायचे नाहीत. आपण फुकटचं फडकं म्हणतो तेव्हा ते कुणाच्या तरी हातानं धुतलेलं होतं, एवढं लक्षात असू द्या. सुईण गेली की पुढचे महिने ते हात घरातल्या सुनेचे.

हा अंधार हळूहळू हटला, आणि तो कुठल्या पाकिटामुळं हटला नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं सेवासदन उभं राहिलं, तिथून बायका, त्यातल्या कितीतरी विधवा, परिचारिका आणि सुईण होण्याचं शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. नंतरच्या काळात दाईंची प्रशिक्षणं झाली. त्यात पाच गोष्टी स्वच्छ ठेवायला शिकवत. हात, जागा, पातं, बांधायचा दोरा आणि नाळ. गरोदरपणी धनुर्वाताची लस आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून निर्मूलनाच्या पातळीला आला. माझ्या आजीच्या वयाच्या बायकांना हे सांगितलं की त्या गप्प होतात. प्रत्येकीला एखादं मूल आठवतं.

म्हणजे बघा, फडकं स्वच्छ कसं ठेवायचं हे आपल्याला नीट कळायला लागलं, आणि नेमकं त्याच काळात फडकं घरातून जायला लागलं.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट कावसजी दावर यांनी १८५४ साली घातला. सोलापूरला १८७७ साली गिरणी निघाली, तिला पुढं सगळे जुनी गिरणी म्हणत. ती कधीच बंद पडली, नाव तेवढं राहिलं. गिरणीचं कापड हातमागाच्या लुगड्यापेक्षा झिरझिरीत, म्हणून असेल, पण मोठ्या बायका साडीला अजून 'पातळ' म्हणतात. तरीही होतं ते सुतीच. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द तेव्हाचा. रांगेत उभं राहून मोजून मिळायचं. एकेक चिंधी जपून ठेवायची आपल्या आज्यांची सवय त्या वर्षांत आणखी पक्की झाली असणार.

मग स्वातंत्र्यानंतर नायलॉन आलं, १९६० नंतर टेरिन, टेरिकॉट. आज आपण म्हणतो, ते घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं. पण ज्या बाईकडं दोनच साड्या होत्या तिच्या बाजूनं विचार करा. सुती लुगडं पिळायला दोघी लागतात, पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नाही, रंग जातो, दोन वर्षांत विरतं. टेरिकॉट रात्री धुतलं की सकाळी नेसता येतं. इस्त्री नको, खळ नको, दांड नको. रोजगार हमीच्या कामावर, शाळेत, ऑफिसात जाणाऱ्या बाईला त्या साडीनं किती वेळ दिला, हे कुणी मोजलेलं नाही. मी तिला नावं ठेवणार नाही.

१९८२ हे साल तुम्ही ऐकलं असेल. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कितीतरी गिरण्या त्यातून उठल्याच नाहीत. आपल्या भागातल्या किती घरांतली मनीऑर्डर तेव्हा बंद झाली, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि त्याच १९८२ साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. एकामुळं दुसरं झालं असं मी म्हणत नाही. गिरण्यांची दुखणी जुनी होती, यंत्रमागांनी त्यांचं काम आधीपासून ओढून घेतलं होतं. पण एकाच राज्यात, एकाच वर्षात सूत मागं गेलं आणि पॉलिएस्टर पुढं आलं. १९८५ च्या कापड धोरणानं कृत्रिम धाग्यावरचा जुना जाच कमी केला आणि साडी स्वस्त झाली. लग्नात आहेराची साडी, वाण-ओटीची साडी, सगळी पॉलिएस्टरची.

उरलंसुरलं बोहारणीनं नेलं. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी. जुने कपडे द्या, स्टीलचा डबा घ्या. आपल्या आयांनी घासाघीस करून घेतलेले ते डबे आपल्या मांडणीवर अजून आहेत. बोहारणीनं नेलेलं कापड बाजारात जातं, त्यातलं घालण्याजोगं पुन्हा विकलं जातं आणि विरलेलं सुती कापड कारखान्यात, गॅरेजात यंत्रं पुसायला जातं. म्हणजे आपल्या घरचं मऊ सूत यंत्राचं तेल पुसतंय आणि आपण बाळाला पुसायला पाकीट आणतोय.

आता ते पाकीट कुठून आलं तेही बघू. अमेरिकेत आर्थर ज्युलियस नावाचा माणूस प्रसाधनांच्या धंद्यात होता. १९५७ साली त्यानं न्यूयॉर्कमध्ये, सूप मापून भरायचं एक यंत्र होतं ते बदलून घेऊन, ओल्या कागदाच्या घड्या पुडीत बंद करायला सुरुवात केली. नाव ठेवलं वेट-नॅप. १९६३ पासून तळलेल्या कोंबडीच्या त्या प्रसिद्ध केएफसी दुकानांतून गिऱ्हाइकाला जेवणाबरोबर ती पुडी मिळू लागली. म्हणजे ही वस्तू मूळची बाळासाठी नव्हेच. कोंबडी खाऊन तेलकट झालेली बोटं पुसायची होती. त्याच सुमारास, १९६१ साली, तिकडं पॅम्पर्सचे वापरून फेकायचे डायपर निघाले. लंगोट धुवायचा नाही म्हटल्यावर पुसायचं फडकं तरी कशाला धुवायचं? त्यातून बाळासाठीच्या वाइप्स आल्या आणि पुढं आपल्या मेडिकलच्या दुकानापर्यंत पोचल्या.

ही घडी हाताला कापडासारखी लागते, पण ती विणलेली नसते. तंतू पसरून पाण्याच्या जोरदार धारांनी एकमेकांत गुंतवतात. तंतू बहुतेक वेळा व्हिस्कोज आणि पॉलिएस्टरचे. जे पॉलिएस्टर साडीच्या रूपानं घरात आलं, ते आता बाळाच्या लंगोटापर्यंत पोचलंय. उकिरड्यावर ते कुजत नाही, संडासात टाकलं तर पाइप तुंबतो. लंडनमध्ये २०१७ साली गटारात २५० मीटर लांबीचा आणि १३० टनांचा गोळा सापडला होता, चरबी आणि वाइप्स एकत्र घट्ट होऊन झालेला. आपलं गटार तर त्यापुढं केवढंसं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपलं ओलं फडकं दोन दिवस डब्यात ठेवलं तर वास मारतं. पाकिटातली घडी महिनोन्‌महिने ओली राहते आणि तिला बुरशी येत नाही. कशामुळं? तिच्यात टिकवणारं रसायन घालतात. ते घालावंच लागतं, नाहीतर त्या ओलीत जंतू वाढतील. त्यातलं एक, मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं, बरंच वापरलं जायचं. त्यानं अनेकांच्या कातडीला ॲलर्जी होते असं दिसलं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेनं २०१३ साली ते त्या वर्षाचं ठळक ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केलं आणि युरोपात २०१७ पासून, अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत, म्हणजे वाइप्समध्येही, ते घालायला बंदी आली. सगळी पाकिटं वाईट असतात असं नाही. पण मागच्या बाजूला घटकांची यादी असते, ती घ्यायच्या आधी वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

यातूनच घरी करताना काय टाळायचं ते कळतं. मोबाइलवर कुणी कुणी दाखवतं, टिश्यूचा रोल कापा, डब्यात बसवा, वरून पाणी, बेबी ऑइल आणि शाम्पू ओता, झाल्या वाइप्स. हे करू नका. टिकवायचं रसायन त्यात नाही आणि ओल मात्र आहे. तिसऱ्या दिवशी ते बाळाला लावण्याजोगं राहत नाही. डेटॉल घालून तर अजिबात नको. आपलं घरचं फडकं कोरडं ठेवायचं आणि लागेल तेव्हा साध्या, उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवायचं. बाळाला पुसायला पाणी पुरतं. बाहेर जाताना चार फडकी ओली करून पिळून स्वच्छ डबीत घ्या आणि ती त्याच दिवशी वापरून संपवा.

कापड कुठून आणायचं? बायकांच्या कपाटात सूत नाही, पण आजोबांच्या पेटीत आहे. आपल्याकडचे म्हातारे अजून धोतर नेसतात, फेटा बांधतात, पंचा वापरतात. पुरुषांच्या धोतरानं सूत टिकवलं, आपण मात्र सोडलं, याची मला गंमत वाटते. पण हल्ली धोतरातही मिसळीचं कापड येतं, म्हणून दशीचे दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरगळणारी भुरी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. पाण्याचा थेंब टाकूनही अंदाज येतो, धुवून नरम झालेलं सूत तो लगेच पितं.

चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद धोतर असेल तर वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरचे, १२० तुकडे निघतात. दोन पदर एकमेकांवर ठेवून शिवले की ६० फडकी. विरलेला भाग सोडला तरी ५० कुठं जात नाहीत, आणि एका बाळाला दोन दिवसाआड धुतलं तरी तेवढी पुष्कळ झाली. जुनं धोतर नसेल तर इचलकरंजीच्या मागावरचं साधं सुती कापड कटपीसमध्ये मिळतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून ते गाव धोतरं विणतंय. आमच्या सोलापूरच्या टॉवेलचे कापलेले काठही चालतात. नवं कापड असेल तर खळ जाईपर्यंत गरम पाण्यात तीन-चारदा धुवा. कडेला ओव्हरलॉक नसेल तर हातानं दुमडून धावदोरा घाला. तोंड पुसायच्या फडक्याला पांढरा दोरा आणि बुडाच्या फडक्याला लाल, म्हणजे अंधारातही घोळ होत नाही. स्वयंपाकघरातलं फडकं यात कधी मिसळायचं नाही. मुलीला पुसताना पुढून मागं पुसायचं, हे मोठ्या मुलींनाही सांगा.

वापरलेलं फडकं आधी गार पाण्यानं खळबळून ते पाणी संडासात टाका, मग साबण, मग साबण निघून जाईपर्यंत दोन पाणी. साबण राहिला तर त्यानंही पुरळ येतं. दोन-तीन दिवसांतून एकदा दहा मिनिटं उकळा. आणि वाळत घाला ते उघड्या दोरीवर, भर उन्हात, शेजारणीला दिसेल असं. पुरळात पू दिसला, ताप आला किंवा बाळ पिईना झालं तर फडकं-वाइप्स सगळं बाजूला ठेवून आशाताईला गाठा.

यात पाणी किती लागतं हाही हिशेब करा. दिवसाला निदान एक बादली. मंगळवेढ्याच्या ३५ गावांचा पाण्याचा प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या सुनेनं दोन महिने पाकीट आणलं तर तिला उधळी म्हणू नका. आणि बारा दिवसांची बाळंतीण थंड पाण्यात हात घालून फडकी धूत बसली, तर ते सव्वातीनशे रुपये तिच्या अंगातून वसूल झाले. एका गटातल्या बाईनं घरी सांगितलं, फडकी मी शिवते, धुवायची तुम्ही. नवरा सकाळी अंघोळीच्या आधी दहा मिनिटांत धुतो. गल्लीत पहिले आठ दिवस चर्चा झाली, मग लोकांना दुसरा विषय मिळाला.

काही गटांनी विचारलंय, अशी फडकी शिवून विकता येतील का. कोरडी, धुतलेली, दहाची किंवा वीसची घडी करून जरूर विका, गरोदर मुलीच्या ओटीत द्यायलाही छान आहे. ओल्या करून पाकिटात घालून विकायचा विचार असेल तर ते प्रसाधन झालं, त्याला सरकारी परवाना लागतो. तिकडं आत्ता जाऊ नका.

पुढच्या भागात आपण वाकळेबद्दल बोलू. ज्यांच्या घरी आजीच्या हातची वाकळ आहे, त्यांनी तिचा उसवलेला कोपरा शोधून आत कुठली लुगडी आहेत ते बघून ठेवा. रंग आणि काठ कागदावर लिहून आणा. नमस्कार.